पाण्याची टाकी कुठं बांधायची?

ग्रामसभेला मोजकीच माणसं पाहून सरपंच विश्वासराव उखडले. "लोकांना लोकशाहीची किंमतच उरली नाही. आत्या, आमच्या तात्यांच्या काळी सभा कशी भरायची हो?"

म्हाताऱ्या गोदूआत्यांना ते दिवस आठवले. चिंचेखाली भांडणं रंगायची आणि सरपंच असूनही तात्या मुकाट ऐकायचे.

"बाळा, तात्या सभेला प्रश्न घेऊन यायचे आणि निर्णय घेऊन घरी जायचे. तू निर्णय घरूनच आणतोस. मग लोकांनी काय टाळ्या वाजवायला यायचं?"

विश्वासरावांनी हातातला ठराव घडी करून खिशात घातला. "बरं, पाण्याची टाकी कुठं बांधायची?"

"वरच्या आळीला," समोर बसलेला एकजण म्हणाला.

"का? खालच्या आळीनं काय पाप केलंय?" दुसरा उसळला.

आवाज ऐकून रस्त्यावरची माणसं आत शिरू लागली. आत्या निवांत बसल्या. कितीतरी वर्षांनी गाव भांडत होतं.