शेकरूताईचं रटाळ पुस्तक

मुलांनो, घाटमाथ्यावरच्या एका दाट जंगलात एक शेकरू राहत असे. शेकरू म्हणजे खारीची थोरली बहीणच म्हणा ना. तांबूस अंगाची, झुपकेदार शेपटीची आणि सहसा जमिनीला पाय न लावणारी. जंगलात सगळे तिला शेकरूताई म्हणत. या शेकरूताईला वाचनाचं भारी वेड होतं. आता प्राण्यांना वाचता येतं का, असं विचारून मला मध्येच अडवू नका. मी ज्या जंगलाची गोष्ट सांगतोय, तिथल्या प्राण्यांना येत होतं.

एकदा झालं काय, एका फिरत्या ग्रंथालयाची गाडी घाटातून जात असताना टपावरची पेटी दोर तुटून खाली दरीत पडली. माणसांनी कठड्यावरून वाकून पाहिलं, थोडी हळहळ केली आणि ती निघून गेली. पेटी फुटून पुस्तकं झाडाझुडपांत विखुरली होती. ज्याला जे सापडलं, ते त्याने उचलून घरी नेलं. त्या दिवसापासून जंगलात वाचनाची अशी काही गोडी लागली, की भर दुपारी कुणी भांडेनासं झालं.

मग एक प्रथाच पडली. दर आठव्या दिवशी उन्हं कलली, की ओढ्याकाठच्या सपाट खडकावर सगळी वाचणारी मंडळी जमायची. कासवआजोबा मधोमध बसून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे, "काय, सध्या काय वाचताय?" मग ज्याने त्याने आपल्या पुस्तकाविषयी सांगायचं. ऐकणाऱ्यांपैकी कुणाला ते पुस्तक हवंसं वाटलं, तर त्याने मागायचं आणि मालकाने ते आठ दिवसांसाठी द्यायचं. नाही म्हणायची सोय नव्हती.

आणि वाचणारे तरी कसे एकेक! कासवआजोबा दिवसाला एकच पान वाचायचे आणि दुसऱ्या दिवशी तेच पान पुन्हा, म्हणजे निसटायला नको. वानरदादा आधी शेवटचं पान वाचायचे. "शेवट कळला की माझा जीव भांड्यात पडतो, मग मी निवांत वाचतो," असं त्यांचं म्हणणं. मैना मोठ्याने वाचायची, त्यामुळे तिच्या झाडावरच्या सगळ्यांचं तेच पुस्तक वाचून व्हायचं. साळिंदरभाऊ खुणेसाठी पानात आपला काटा टोचून ठेवायचे आणि पानापानाला भोकं पाडल्याबद्दल सगळ्यांची बोलणी खायचे. उंदीरमामा पुस्तकाची कड कुरतडत वाचायचे. "अक्षराला दात लावत नाही, शपथ!" असं ते दर बैठकीला सांगायचे आणि कुणाचा त्यावर विश्वास नसायचा.

शेकरूताईला सापडलं होतं ते पुस्तक समुद्राचं होतं. भर समुद्रातल्या एका खडकावर एक दीपगृह होतं आणि तिथं एक म्हातारा राखणदार चाळीस वर्षं रोज दिवा लावत होता, त्याची ती हकिगत. शेकरूताईने समुद्र कधी पाहिला नव्हता. तिच्या ओळखीचं सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे ओढ्याचा डोह. पुस्तकातलं ते दुसरा काठच नसलेलं पाणी वाचताना तिची छाती दडपून जायची. पहिल्यांदा वाचून संपलं तेव्हा ती फांदीला घट्ट धरून कितीतरी वेळ नुसती बसून राहिली. मग तिने ते पुन्हा वाचलं. असं करत करत तिने ते सात वेळा वाचलं आणि दर वेळी ते तिला अधिकच आवडलं. एकट्याचं घर, एकट्याचा दिवा, कुणाची कटकट नाही. आपल्यासारख्याच कुणाचं तरी हे पुस्तक आहे, असं तिला वाटायचं.

असं पुस्तक दुसऱ्याच्या हाती द्यायचं? साळिंदराच्या काट्याखाली आणि उंदराच्या दाताखाली?  पण प्रथा मोडता येत नव्हती. म्हणून तिने एक युक्ती काढली.

"काय शेकरूताई, सध्या काय वाचतेस?" आजोबा विचारायचे.

खडकावर झुकलेल्या फांदीवर बसून ती शेपटी झटकायची आणि म्हणायची, "आहे हो एक, दिव्याबिव्याचं. अगदीच रटाळ. पाच पानांपुढे जाववत नाही."

मग ते कशाला कोण मागतंय! "असतात अशीही पुस्तकं," म्हणून आजोबा मैनेकडे वळायचे. शेकरूताई मात्र इतरांची पुस्तकं हक्काने मागून न्यायची. साळिंदरभाऊंचं नेलं, मैनेचं नेलं, आजोबांचं तर त्यांचं अर्धंसुद्धा वाचून झालेलं नसताना नेलं. प्रथाच होती ना तशी! हिवाळा गेला, उन्हाळा आला, तरी तिचं पुस्तक काही रटाळपणातून बाहेर आलं नाही.

करवंदं पिकली तेव्हा ती दूरच्या टेकडीवर गेली आणि चार दिवस तिकडेच रमली. परत येऊन पुस्तक काढायला तिने ढोलीत हात घातला, तर बोटांना माती लागली. पुठ्ठा जागेवर होता. तिने तो उचलला आणि आतून भुरुभुरु भुसा गळाला. झाडाच्या बुंध्यापासून ढोलीपर्यंत वाळवीने मातीची वाट काढली होती आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं फस्त केलं होतं. समुद्र नाही, दिवा नाही, म्हातारा नाही. शेकरूताई तो पोकळ पुठ्ठा छातीशी धरून संध्याकाळपर्यंत रडली.

पुढच्या बैठकीला ती आली तेव्हा तिचे डोळे सुजले होते. "माझं पुस्तक वाळवीने खाल्लं," ती कशीबशी म्हणाली.

"कुठलं? ते दिव्याबिव्याचं?" मैना म्हणाली. "अगं मग सुटलीस की बाई! पाच पानांपुढे जात नव्हतं ना?"

सगळे हसले. त्यात वाईट हेतू काहीच नव्हता. वानरदादा म्हणाले, "वाळवीच्या तरी पचनी पडलं असेल का?" तेव्हा तर आजोबासुद्धा गालातल्या गालात हसले. साळिंदरभाऊंना तिची दया आली. "माझं घेऊन जा, ताई. नवीन आहे, भोकं थोडीच पडलीत," असं म्हणून त्यांनी आपलं पुस्तक पुढे सरकवलं. त्या चांगुलपणाने तिच्या काळजात चर्र झालं. ज्याच्या हाती आपण पुस्तक द्यायला तयार नव्हतो, तो न मागता आपलं देत होता. आणि तिचं दुःख समजू शकेल असं तिथं कुणीच नव्हतं, कारण तिने तशी सोयच ठेवली नव्हती. 

घरी येऊन तिने ठरवलं, की पुस्तक आठवणीतून पुन्हा वाचायचं. डोळे मिटून ती पहिल्या पानापासून सुरुवात करायची. पहिल्या दिवशी बरंच आठवलं. तिसऱ्या दिवशी राखणदाराच्या गावाचं नाव आठवेना. पाचव्या दिवशी दीपगृहाच्या पायऱ्या किती होत्या तेही निसटलं. मग मात्र तिच्या तोंडचं पाणी पळालं. पानांवरचं गेलं होतं, आता मनातलंही चाललं होतं. आणखी थोड्या दिवसांनी ते पुस्तक जगात कुठेच उरणार नव्हतं आणि तसं काही पुस्तक होतं, हेही कुणाला ठाऊक असणार नव्हतं.

आठव्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी खडकावर येऊन बसली. हो, खडकावर, फांदीवर नव्हे. आजोबांनी विचारायच्या आत तीच म्हणाली, "मी खोटं बोलत होते. ते पुस्तक रटाळ नव्हतं. तुम्ही मागाल म्हणून मी तसं सांगायचे."

 मग साळिंदरभाऊंचे काटे सरसरून उभे राहिले. "म्हणजे माझी तीन पुस्तकं वाचलीस, आणि स्वतःचं..."

"हो," ती मान खाली घालून म्हणाली. "रागवा मला. रागवायलाच हवं. पण आधी मला ते सांगू द्या. मी विसरत चाललेय."

कासवआजोबांनी साळिंदराकडे पाहिलं. साळिंदरभाऊ काटे मिटून खाली बसले. "सांग," आजोबा म्हणाले, "आणि सावकाश सांग. मला घाई जमत नाही."

शेकरूताई सांगू लागली. सुरुवातीला ती अडखळली, पण समुद्र आला आणि तिचा आवाज बदलला. दुसरा काठ नसलेलं पाणी. दिवसभर एकाच जागी राहून सतत चालणारं पाणी. मैनेने चोच मिटली ती उघडलीच नाही. वानरदादा शेवट विचारायचं विसरले. ओढा तोच होता, पण त्याच्या आवाजातून काहीतरी अफाट आपल्या दिशेने येतंय, असं सगळ्यांना वाटू लागलं. मग ती वादळाची रात्र आली. दिव्याची काच फुटली आणि वाऱ्याने ज्योत विझू लागली. तेव्हा म्हातारा घोंगडी पांघरून वाऱ्याच्या बाजूला पाठ करून दिव्याशी उभा राहिला, तो उजाडेपर्यंत तसाच. त्याची पाठ खाऱ्या पाण्याने सोलून निघाली. सकाळी समुद्र शांत झाला. दूरवरून एक जहाज जाताना दिसलं. त्याचं शीड एकदा खाली आलं, पुन्हा वर गेलं आणि जहाज दिसेनासं झालं. पुस्तक संपलं.

"असं आहे ते," शेकरूताई श्वास घेऊन म्हणाली. "आपलं आपण, एकट्याने, कुणाच्या अध्यात ना मध्यात कसं राहावं, त्याचं पुस्तक."

 मग उंदीरमामांनी घसा खाकरला. "ताई, त्या दिव्याच्या उजेडात म्हाताऱ्याला वाचता यायचं का हो?"

"नाही हो. दिवा वर मनोऱ्यात आणि त्याची खोली पार खाली. खोलीत अंधारच असायचा."

"मग दिवा त्याचा कसा?" उंदीरमामा गोंधळून म्हणाले. "तो तर जहाजवाल्यांचा झाला."

 तेवढ्यात वानरदादा ताडकन उठून उभे राहिले. "आणि ते शीड! काय म्हणालीस? एकदा खाली आलं आणि वर गेलं?"

"हो. वारा पडला असेल."

"अगं, वारा कसला! आपण मान लववतो तसं त्यांनी शीड लववलं. तो नमस्कार होता! जहाजवाल्यांनी म्हाताऱ्याला नमस्कार केला!"

शेकरूताईच्या अंगावर शहारा आला. शेपटीचा केस न् केस उभा राहिला. सात वेळा! सात वेळा तिने ते पान वाचलं होतं, आणि सातही वेळा तो नमस्कार तिच्या डोळ्यांसमोरून वारा होऊन निघून गेला होता. चाळीस वर्षं एकटा वाटणारा तो म्हातारा एक दिवसही एकटा नव्हता. समुद्रावरची कितीतरी माणसं रोज त्याच्याकडे बघत होती. ते पुस्तक तिच्या ढोलीत असताना जेवढं होतं, त्याहून आता केवढंतरी मोठं झालं होतं आणि ते तिला मिळालं होतं पान कुरतडणाऱ्या उंदराकडून आणि शेवट आधी वाचणाऱ्या वानराकडून. तिला रडू आलं, पण हे रडणं वेगळं होतं. आजोबा हळूच म्हणाले, "पुन्हा सांग गं. माझं एकदा ऐकून भागत नाही." तिने पुन्हा सांगितलं. या वेळी शीड खाली आलं, तेव्हा सगळ्यांनी माना लववल्या.

पावसाळा सरला. एका बैठकीला पल्याडच्या डोंगरातून एक धनेश पक्षी पाहुणा म्हणून आला. भली मोठी चोच, त्याहून मोठा आवाज. आजोबांनी त्यालाही विचारलं, "काय पाहुणे, सध्या काय वाचताय?"

"आमच्याकडे कुठली आलीत पुस्तकं!" धनेश म्हणाला. "पण एक गोष्ट सध्या सगळ्या डोंगरात चाललीय. कुणी आणली ठाऊक नाही. आम्ही रोज थोडी थोडी ऐकतो. सांगू?"

"सांगा की," सगळे म्हणाले.

"एक पाणी होतं. इतकं मोठं, की उडत निघालेला पक्षी म्हातारा होईल पण पलीकडे पोचणार नाही. त्या पाण्याच्या मधोमध एक सावरीचं उंच झाड होतं आणि एक म्हातारा रोज त्याच्या शेंड्यावर चढून उजेड ठेवायचा..."

झाड नव्हे हो, दीपगृह, असं शेकरूताईच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिने ते गिळलं. तिला ते झाड दिसू लागलं होतं. पाण्यात उभं असलेलं, तांबड्या फुलांनी डवरलेलं आणि शेंड्यावर उजेड. तिच्या पुस्तकात असं झाड कुठेच नव्हतं. ती ऐकत राहिली. गोष्टीत वादळ आलं, म्हाताऱ्याने पंखाखाली पिल्लू घ्यावं तसा उजेड पोटाशी धरला, आणि नेमका तिथं धनेश पाणी प्यायला ओढ्याकडे वळला.

शेकरूताईने दोन्ही पंजे छातीशी घट्ट धरले होते. श्वास रोखून ती म्हणाली, "अहो, असं मध्येच थांबू नका! सांगा ना, मग पुढे काय झालं?"

तात्पर्य : आवडलेलं पुस्तक मनमोकळेपणाने चारचौघांना सांगावं, आपण एकट्याने वाचतो तेवढंच ते नसतं, हे तेव्हाच कळतं.