उत्तराचं दावं

एकदा एक म्हातारा माळावर राहत होता आणि त्याच्यापाशी एक शिष्य होता. म्हातारा भगव्यातला नव्हे, घोंगडीतला. सगळा जन्म शेरडामेंढरांत गेलेला, त्यामुळे दहा गावांचे लोक जनावराचं दुखणं घेऊन त्याच्याकडं येत. त्याची एक खोड होती. कुणी काही विचारलं की तो आधी त्या माणसाचं मनगट धरी, त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत एकदा म्हणून दाखवी आणि मगच उत्तर देई. लोक म्हणत, म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं. शिष्यही मनात तेच म्हणे, फक्त तोंडावर म्हणत नसे.

शिष्य शहरात जाऊन संगणक शिकून आला होता. त्यानं शेळ्या पाळणाऱ्यांसाठी मोबाइलवर एक चर्चेची जागा उभी केली. कुणीही विचारावं, कुणीही सांगावं. पानाच्या तळाशी एकच मोठं हिरवं बटण : ‘उत्तर द्या’. ते दाबलं, लिहिलं, की मजकूर सगळ्यांत खाली जाऊन पडे. कोणाच्या प्रश्नाचं उत्तर, ते ज्याचं त्यानं ओळखावं. या जागेचा खर्च एक पेंडीचा व्यापारी करी. बटण त्याच्याच हट्टानं एवढं मोठं झालेलं. लोक पटापट बोलले पाहिजेत, कारण दर चार उत्तरांमागं त्याच्या पेंडीची जाहिरात येई.

एके दिवशी सकाळी इठाबाई नावाच्या बाईनं तिथं विचारलं, ज्वारी कापलेल्या रानात कोवळे फुटवे आलेत, शेळ्या सोडू का? त्याच्या जरा आधी दुसऱ्या कुणी विचारलं होतं, करडाला गुळाचं पाणी चालतं का? लांबच्या जिल्ह्यातल्या एका जाणत्या माणसानं गुळाचं वाचलं, हिरवं बटण दाबलं आणि लिहिलं, “बिनधास्त. काही होत नाही.” तोवर इठाबाईचा प्रश्न मध्ये येऊन बसला होता. उत्तर पडलं ते नेमकं त्याच्याखाली.

बाईनं शेळ्या सोडल्या. कोवळ्या ज्वारीत विष असतं. दुपारच्या आत तिची गाभण शेळी बांधावर आडवी झाली ती उठलीच नाही.

मग चर्चेला ऊत आला. जाणत्याला शिव्या सुरू झाल्या, त्याला हाकला म्हणून ओरड झाली. आणि आता चूक नको म्हणून जो तो आधीचं सगळं लिखाण, फोटोसकट, आपल्या उत्तराच्या डोक्यावर चिकटवू लागला. हातभर उतारा आणि खाली बोटभर ‘सहमत’. त्या ढिगाऱ्यात इठाबाईची एक ओळ होती : दुसरी शेळीपण धापा टाकतीय, काय करू? ती कुणाला दिसली नाही. शेवटी शेळी खांद्यावर टाकून बाई माळावर पळत आली. म्हाताऱ्यानं जनावरांच्या डॉक्टरला बोलावून घेतलं. या शेळीनं थोडंच खाल्लं होतं, वाचली.

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला. शिष्यानं त्याला सांगितलं की हे बटण काढतो. प्रत्येक प्रश्नाखाली त्याचं त्याचं लहान बटण ठेवतो, आणि कशाला उत्तर देताय तेवढी ओळ निवडल्याशिवाय लिहिताच येणार नाही असं करतो. व्यापारी हसला. म्हणाला, एवढे कष्ट कोण घेईल, गर्दी आटेल, मग मी खर्च कशाला करू? आणि वर म्हणाला, “त्या बाईनं नीट वाचायला हवं होतं.”

शिष्यानं मान खाली घातली. घातलीच म्हणायची, खोटं कशाला सांगू. पोटाचा प्रश्न होता.

म्हातारा डोळे मिटून बसला होता. व्यापाऱ्यानं त्याच्याकडं वळून विचारलं, “आबा, माळावर पेंडीची मोठी पाटी लावायचीय, कुठं लावू?” त्याच क्षणी दारातून इठाबाई म्हणाली, “आबा, मेलेली शेळी कुठं न्यायची?”

म्हाताऱ्यानं कुणाचंच मनगट धरलं नाही. डोळेही उघडले नाहीत. म्हणाला, “खड्ड्यात.”

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. “हे मला म्हणालात का तिला?”

“तुम्ही नीट ऐकायला हवं होतं, शेठ.”

कुणी हसलं नाही. शिष्याला मात्र इतक्या वर्षांनी ते मनगट धरणं कळलं. म्हातारा त्याच्याकडं बघून बोलू लागला.

“लेका, उत्तर म्हणजे बैल. दावं नसलं तर तो कुणाच्याही पिकात शिरतो, मग बैल कितीही गुणाचा असू दे. त्या जाणत्याचं उत्तर खरं होतं, तरी शेळी मेली. ज्याचा प्रश्न त्याच्या खुंट्याला उत्तर बांधायचं. पण दावं म्हणजे दावं. बैल बांध म्हटलं तर अख्खा गोठा उपटून त्याच्या गळ्यात अडकवायचा नसतो. काल ती मोबाइलवरची लेकरं तेच करत होती, आणि त्याखाली ह्या बाईची हाक गाडली गेली. जेवढ्याला उत्तर, तेवढीच ओळ. आणि दावं बांधायला ज्याला वेळ नाही, त्याच्या उत्तराची आपल्याला गरज नाही. गर्दी आटते? आटू दे. जत्रेत कुणी दुखणं सांगत नाही.”

शिष्यानं संगणक पुढं ओढला आणि शेठच्या देखत हिरवं बटण काढून टाकलं. शेठ म्हणाला, “बघ हं, उद्यापासून खर्च तुझा तू.”

“माझा मी,” शिष्य म्हणाला, आणि या खेपेला मान वर होती.

शेठ गेला तो गेलाच. गर्दीही गेली. उरले ते शेळीवाले आपसांत खर्च भागवतात. जाणत्याला कुणी हाकललं नाही. पुढं इठाबाईनं वाचलेल्या शेळीबद्दल विचारलं, ती गाभण दिसतीय, आता चारा कोणता? दिवसभरात एकच उत्तर आलं, त्याच जाणत्याचं. वर तिची तेवढीच ओळ होती आणि तिच्याखाली त्यानं सावकाश लिहिलं होतं.

तुम्हीही कुणाला उत्तर देणार असाल तर आधी त्याचं मनगट धरा. तेवढं जमत नसेल तर गप्प बसा. जगाचं काही अडत नाही.