एका घराची तीन चित्रं

“मग सर, तिन्हींतलं घ्यायचं तरी कुठलं?”

शर्वाणीला धीर कुठला! मिरजेत हेरवाडकर सरांच्या ऑफिसात घरांची डिझाइनं शिकायला लागून तिला जेमतेम दोन महिने झालेले, आणि स्वतः आखलेलं पहिलंवहिलं घर तिनं कॉम्प्युटरमध्ये उभं केलं होतं. उद्या अकराला घर बांधायला निघालेले चौगुले नवराबायको ते बघायला येणार. पसंत पडलं तर काम तिचं, नाहीतर ते दुसरीकडे जाणार.

म्हणून पठ्ठीनं त्या एकाच घराची तीन सॉफ्टवेअरमधून तीन चित्रं काढली होती, अगदी फोटोसारखी.

“हे बघा, ह्याला तासभर लागतो, पण काच कसली चमकते! हे दुसरं चुटकीसरशी होतं, पण झाडं प्लास्टिकची वाटतात. आणि हे फुकट आहे, पण शिकताना डोक्याला नुसता ताप!”

सर बघत राहिले. एक… दुसरं… तिसरं…

“आवडलं नाही का?”

म्हातारे सर उठले, पायातल्या चपला काढून हातात घेतल्या आणि स्क्रीनसमोर जाऊन उभे राहिले.

“आत यायचंय. ह्या कुठे काढून ठेवू?”

शर्वाणी फिस्सकन हसली. मग तिनं चित्रातल्या दाराकडे पाहिलं आणि तिचं हसू जागच्या जागी विरलं. रस्त्यावरून पाऊल उचललं की थेट हॉलच्या चकचकीत फरशीवर! ना पायरी, ना टेकायला कट्टा. तिन्ही चित्रांत तेच. दर्शनी भागच तिनं सॉफ्टवेअरमधल्या तयार नमुन्यांतून उचलला होता.

“अगं बाई…”

…

“थांबा सर, थांबा हं! हलू नका!”

ती धपकन खुर्चीत बसली. भिंत मागे सरकली, पुढे पडवी आली, दोन पायऱ्या आल्या, बसायला कट्टा, कोपऱ्यात चपलांची जागा. हॉल तीन फूट लहान झाला. होऊ दे! आनंदानं तिची बोटं भराभर चालत होती, आणि सर हातात चपला घेऊन तसेच उभे.

“झालं! आता सर? आता सांगा ना, कुठलं वापरू?”

सरांनी त्या कट्ट्याकडे पाहिलं. मग त्यांनी चपला खाली ठेवल्या, शेजारच्या खुर्चीत, जणू त्या कट्ट्यावरच, ऐसपैस बसले आणि म्हणाले,

“पाणी आण गं. उन्हातनं आलोय.”