ड्रोनला न दिसलेलं घर

वेणूबाई ठोंबरेंच्या छपरावर भोपळ्याचा वेल दाट पसरला होता. गावठाणाची मोजणी ड्रोनने झाली, तेव्हा नकाशात त्यांच्या घराच्या जागी नुसती झाडी आली. मोकळी जागा म्हणून तिथे सरकारी गोदाम ठरलं. वेणूबाईंनी हरकत घेतली, म्हणून मोजणी अधिकारी निमकर पाहणीला आले.

"ड्रोन चुकत नाही, बाई. इथे घर नाही," असं म्हणत ते आत शिरले आणि त्यांचं कपाळ दाराच्या चौकटीवर आपटलं.

वेणूबाईंनी त्यांना खाटेवर बसवून हळद लावली.

"घर नाही असंच लिहा, साहेब. फक्त हे टेंगूळ कशानं आलं, तेवढं खाली नोंदवा."

निमकरांनी बराच विचार करून 'चौकट' लिहिलं. मग दार लिहावं लागलं, आणि दारामागे घर.