दौलतरावांची कनात

जत्रेत तंबूतला सिनेमा आला की सरपंच दौलतराव घरची कनात मध्ये बांधायला लावत. बायका अलीकडे, पुरुष पलीकडे. लेकीसुनांवर परक्याची नजर पडता कामा नये!

यंदाच्या सिनेमातल्या नवरीने मात्र कहरच केला. सासरी संडास नाही म्हणून ती तडक माहेरी निघून गेली. बायकांनी टाळ्या पिटल्या आणि दौलतराव भडकले. "असली थेरं सिनेमातच शोभतात. आपल्याकडे अजून अब्रूची चाड आहे!"

त्यांच्या सुनेला, चंद्रकलेला, सातवा महिना होता. पहाटे रस्त्याकडेला बसलं की गाडीच्या उजेडासरशी तिला पोट सावरत उभं राहावं लागे. खेळ सुटल्यावर ती सासऱ्यांपुढे आली.

"मामंजी, ही कनात मला द्याल?"

"कशाला गं?"

"इथं आम्ही अंगभर पदर घेऊन अंधारात बसतो, तरी तुम्ही आडोसा करता. पहाटे जिथं बसतो, तिथं तो जास्त लागतो."

दौलतराव हळूच म्हणाले, "कितीदा उठावं लागतं, पोरी?"

"आज चारदा उठले."

महिन्याभरात परसात पक्का संडास झाला. तोवर तिथं कनात होती, आणि तिच्या गाठी दौलतरावांनी स्वतःच्या हातांनी मारल्या होत्या.