भाग्यवानाचा हार

त्या राज्यात मीठ गाढवं वाहत आणि छाती हत्तींची दुखे. निदान राजवैद्य करकोच्याचं तसं ठाम मत होतं, आणि त्याला हत्तींनीच पोसलेलं असल्यामुळे ते मत बदलायची त्याला घाई नव्हती.

खाडीवरचं मीठ गडावर चढवायचं काम गाढवांकडे होतं. मजुरी म्हणून त्यांना खारवलेला चारा मिळे, कारण तो कोठारात सडत नसे. चढावर एखादं गाढव मधेच थबके, घामाने भिजे आणि कोसळे. मग हत्तीमहाराज स्वतः येऊन त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घालत आणि म्हणत, "ना औषध, ना अंथरूण. चालता चालता गेला. भाग्यवान!" बाकीची गाढवं माना डोलावत. एवढ्या मानावर ही जमात पिढ्यान्‌पिढ्या खूश होती.

तांबी नावाच्या गाढविणीला मात्र हा मान नको होता. तिचा नवरा भुऱ्या हल्ली चढावर थांबू लागला होता. "छातीवर कुणी बसल्यागत होतंय गं," असं तो म्हणाला, तेव्हा ती त्याला ढकलतच करकोच्याच्या दारी घेऊन गेली. करकोच्याकडे छाती ऐकायची एक पोकळ वेताची नळी होती. हत्तींसाठी राखलेली ती नळी तो रेशमात गुंडाळून ठेवी.

"वैद्यबुवा, एकदा कान लावून बघा ना," तांबी म्हणाली.

"गाढवाला गुळाची चव काय आणि छातीचं दुखणं काय!" करकोचा हसला. "तो थोरामोठ्यांचा आजार, बाई. तुमच्यात खरूज होते. समुद्रापलीकडच्या राजहंसांनी खरजेचं मलम भरभरून पाठवलंय, ते लाव."

"पण यांना खरूज नाही हो!"

"मग होऊ दे. मलम पडून राहिलं तर हंसांना वाईट वाटतं."

भुऱ्याच्या छातीला मलम चोपडलं गेलं. दुसऱ्याच दिवशी तो त्या मलमासकट चढावर पडला.

महाराज गुळाची ढेप संपवून खाली आले. हार घालून झाला, भाषण सुरू झालं. तांबीला रडू येत नव्हतं, तिला फक्त किळस येत होती. "चालता चालता गेला," महाराज म्हणाले, "असं मरण मागून मिळत नाही..." आणि मधेच थांबले. सोंड छातीकडे गेली. अंगाला दरदरून घाम फुटला.

"वैद्य!" ते किंचाळले. "नळी आणा! औषध आणा! मला आडवं करा कुणीतरी!"

करकोचा रेशमाच्या गाठी सोडत बसला. गाढवं आधी गोंधळली, मग रीत आठवून माना डोलावू लागली. तांबीने भुऱ्याच्या गळ्यातला हार हळूच काढला आणि त्याला लागलेली माती झटकली. मग तो दातांत धरून ती महाराजांच्या समोर गेली आणि अदबीने वाट बघत उभी राहिली.