मॉनिटरचं शेजारचं दार

कचेरीतला म्हातारा कॉम्प्युटर भंगारात गेला, त्याच आठवड्यातली ही गोष्ट. त्याच्या जागी लॅपटॉप आला, आणि त्याला मोठ्या मॉनिटरशी जोडायला नवी वायर आली.

“सिग्नल नाही,” मॉनिटर म्हणाला.

हेडक्लार्क सुलभाबाईंनी वायर तीनदा उपटली, तीनदा खुपसली.

“सिग्नल नाही.”

“वायरच भिकार! टाका भंगारात,” बाई कडाडल्या.

वायरीचं डोकं फिरलं. “अरे ए, मी कधीची दारात उभी आहे! तू बघतोयस कुठे?”

“शेजारच्या दाराकडे, जुन्या वायरीच्या खाचेकडे,” मॉनिटर म्हणाला. “म्हातारा रोज तिथूनच यायचा.”

“तो गेला रे बाबा! आणि आलेल्याच्या तोंडावर सांगतोस, कोणी आलंच नाही?”

मॉनिटरने ओशाळून मान वळवली. पडदा लख्ख उजळला.

“बघा,” सुलभाबाई म्हणाल्या, “दम दिल्याशिवाय चालत नाही मेली!”